वास्तूचे दानपत्र

गेल्या वर्षी डोईफोडिया येथील एक वयोवृद्ध गृहस्थ आपल्या वडिलोपार्जित घराचे कागदपत्र घेऊन आमच्याकडे आले. गोमंतकीय वाचकांस हे गाव अपरिचित असण्याचा संभव आहे. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीत, सातपुड्याच्या परिसरात ते वसले आहे. महाराष्ट्राची सीमा जवळ असल्यामुळे मराठी, निमाडी, कोरकू आणि हिंदी या चारही भाषा तिकडच्या बाजारात एकदम कानी पडतात. गृहस्थ आमच्याशी मराठीत बोलले. घराचे जुने कागद मात्र अर्धे मोडीत आणि अर्धे हिंदीत होते.

त्यांचा हेतू उदात्त होता. घर चौसोपी, सागवानी खांबांचे, चार पिढ्यांनी नांदवलेले. मुले शहरांत स्थायिक झालेली. घर विकून टाकावे असे त्यांचे मत. वडिलांच्या मनात निराळेच होते. जे अंथरुणास खिळले आहेत, पक्षाघाताच्या झटक्यानंतर जे पुन्हा पाऊल टाकावयास शिकत आहेत, उतारवयात ज्यांना पाहणारे कोणी उरले नाही, अशांसाठी या वास्तूत शुश्रूषागृह व्हावे, ही त्यांची इच्छा. दानपत्राचा मसुदा त्यांनी आपल्या हाताने लिहून आणला होता.

तो वाचताना आम्ही तीन ठिकाणी थबकलो. आत घेतला जाणारा रोगी दात्याच्या ज्ञातीचा असावा, असे एक कलम होते. पुढचा सोपा, माडी व अंगण कुटुंबाकडे राहावे आणि परसाकडच्या, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या चार खोल्या संस्थेस मिळाव्या, असे दुसरे. दर्शनी भिंतीवर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी असावी, असे तिसरे. ते सर्वांत लांब होते. रोग्यांची सेवा कोणी करावयाची, यासंबंधी मात्र संबंध मसुद्यात एक अक्षरही नव्हते.

घर पाहिल्यावाचून दस्त लिहू नये, असा आमचा रिवाज आहे. त्याप्रमाणे आम्ही गेलो. वाटेत बुऱ्हाणपुरास तापीच्या काठावरचा शाही किल्ला पाहिला. याच नगरीत १७ जून १६३१ रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. साम्राज्यात मिळू शकेल ते सर्व वैद्यकीय साहाय्य तिच्या उशाशी असणार. तरी तो प्रसंग टळला नाही. तिचा देह प्रथम नदीपलीकडे जैनाबादेस ठेवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आग्र्यास नेला. आज त्या महालाच्या पडक्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. उलट त्याच शहरात १६१५ च्या सुमारास खोदलेला कुंडी भंडारा, म्हणजे सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भूमिगत मार्गाने नगरात आणणारी शंभराहून अधिक कुंड्यांची मालिका, लोकांच्या उपयोगाची वस्तू म्हणून महालाहून अधिक टिकली. प्रवासातल्या या दोन दृश्यांचा आमच्या पुढील विचारावर काही परिणाम झाला असावा.

डोईफोडियास पोहोचल्यावर यजमानांनी घर दाखवले. मागील खोल्यांपैकी एकीत एक रिकामी खाट होती. त्यांच्या मातोश्री पक्षाघाताने नऊ वर्षे त्या खाटेवर होत्या, असे कळले. त्यांचे सर्व काही कोणी केले, असे आम्ही विचारले. दाराआड उभ्या असलेल्या, पदर डोक्यावरून घेतलेल्या एका प्रौढ बाईंकडे त्यांनी हाताने निर्देश केला. ती त्यांच्या दिवंगत धाकट्या भावाची पत्नी. थोरल्या दिरांसमोर सहसा न बोलणाऱ्या त्या बाई तेवढ्यात एकच वाक्य बोलल्या. त्या म्हणाल्या, ‘‘रात्री पाणी मागितलं तर उठायचं कोणी, तेवढं कागदात लिहा म्हणावं.’’

त्यावेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. कायद्याच्या पुस्तकांत ते सरळ सापडण्यासारखेही नव्हते. म्हणून थोर वास्तू रोग्यांस दिल्या गेल्या तेव्हा पूर्वी काय घडले, हे पाहण्याकडे आम्ही वळलो. आणि या शोधात आम्हांस सर्वांत आधी गोव्यातच यावे लागले.

१५१० साली आफोंसो द आल्बुकेर्क याने गोवा घेतले आणि त्याच काळात तेथे राजाच्या खर्चाने चालणारे रुग्णालय सुरू केले. तेच पुढे ‘हॉस्पिताल रेआल’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्याची व्यवस्था काही काळ मिझेरिकॉर्दिया या दयासंघाकडे आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जेझुइटांकडे होती. मालदीवच्या समुद्रात गलबत फुटून कित्येक वर्षे हाल भोगलेला फ्रांस्वा पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ साली आजारी अवस्थेत या रुग्णालयात आला. कैदी म्हणून गोव्यास आणलेल्या या मनुष्यास तेथे जे लाभले त्याने तो थक्क झाला. आत येताच रोग्याचे केस काढून त्यास स्नान घालीत, स्वच्छ वस्त्रे देत; पलंग लाखेने रंगवलेले, गाद्या रेशमी वा सुती, जेवणाची भांडी चिनी मातीची; वैद्य दिवसातून दोनदा फेरी घालीत आणि भेटीस येणाऱ्यांच्या वेळा ठरलेल्या असत. जगात याहून उत्तम रुग्णालय नसेल, असे त्याने आपल्या प्रवासवृत्तात नमूद केले आहे.

या स्तुतीबरोबरच तो एक गोष्ट सहज सांगून जातो. हे रुग्णालय पोर्तुगीज आणि इतर युरोपीय पुरुषांसाठी, मुख्यतः सैनिकांसाठी होते. स्त्रियांना तेथे प्रवेश नव्हता. या भूमीच्या लेकरांनाही नव्हता. ज्या गोमंतकाच्या महसुलावर ते पलंग रंगवले जात, त्या गोमंतकातील दुयेंत मनुष्य आपल्या घरी, आपल्या वैद्याच्या भरवशावर पडून राही. रेशमी गादीची कीर्ती युरोपभर झाली. दाराशी अडवलेल्यांची नोंद कोणी ठेवली नाही. आमच्या यजमानांच्या ज्ञातीच्या कलमाजवळ आम्ही या प्रसंगाची खूण करून ठेवली.

पिरारनंतर सुमारे चाळीस वर्षांनी ज्यां बातिस्त ताव्हेर्निये हा दुसरा फ्रेंच प्रवासी गोव्यास आला. त्यानेही याच रुग्णालयाविषयी लिहिले आहे. पण ते वाचताना तीच संस्था आहे की दुसरी, असा भ्रम व्हावा. एके काळी हिंदुस्थानभर नावाजलेले हे स्थान व्यवस्था बदलल्यापासून बिघडले, जो आत जातो तो बहुधा स्मशानाकडे जाण्यासाठीच बाहेर येतो, असे तो म्हणतो. वारंवार रक्त काढून क्षीण केलेला रोगी थोडा सावरला की तहानेने व्याकूळ होऊन पाणी मागे. सेवकांच्या हातावर काही ठेवल्यावाचून त्यास थेंबभर पाणी मिळत नसे. पैसे घेतल्यावर ते चोरून आणून देत आणि वैद्यांची मनाई असल्यामुळे असे चोरून द्यावे लागते, अशी बतावणी करीत.

डोईफोडियाच्या त्या बाईंनी ताव्हेर्निये वाचलेला नव्हता. परंतु नऊ वर्षांच्या रात्रींनी त्यांना जे शिकवले होते, नेमक्या त्याच ठिकाणी या फ्रेंच जवाहिऱ्याने साडेतीन शतकांपूर्वी बोट ठेवले होते. दोन्ही प्रवाशांच्या मध्ये गोव्यावरची पोर्तुगीज सत्ता गेली नव्हती, संस्थेचे नाव बदलले नव्हते. बदल झाला तो मध्यरात्री पाणी देणाऱ्या हातांत, आणि त्या हातांस जाब विचारणाऱ्या व्यवस्थेत.

आपल्या भाषेत या सेवेस शुश्रूषा म्हणतात. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, या धातूचे ते इच्छार्थक रूप. ऐकणे, मग आज्ञा पाळणे, मग सेवा करणे, असा अर्थ क्रमाक्रमाने वाढत गेला. रोग्याचा क्षीण स्वर ज्याला ऐकावासा वाटतो तो शुश्रूषा करतो, ही मूळची कल्पना त्या क्रमात हळूहळू मागे पडली. मुंबई राज्याने १९४९ साली शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला. मध्य प्रदेशाच्या १९७३ च्या अशाच कायद्याच्या नावात ‘उपचर्यागृह’ असा शब्द आहे. नोंदणी खोल्यांची होते, खाटांची होते, अर्हतांची होते. त्या सर्व आवश्यक आहेत, यात वाद नाही. ऐकण्याच्या इच्छेची नोंदणी कोणत्या रकान्यात करावयाची, हा प्रश्न तेवढा उरतो.

आता आमच्या यजमानांच्या दुसऱ्या कलमाकडे, म्हणजे ओल धरणाऱ्या मागील खोल्यांकडे वळू. त्याचाही दाखला गोव्यातच मिळतो. सतराव्या शतकात जुने गोवे रोगराईने पोखरले गेले. दाट वस्ती, सच्छिद्र जमीन आणि विहिरींत झिरपणारे मैलापाणी यांमुळे साथींमागून साथी आल्या आणि लोकांनी नगरी सोडली. व्हाइसरॉयांनीही नगरीतला किल्ल्याचा राजवाडा सोडून १६९५ साली जवळच्या पणेली येथील वाड्यात बिऱ्हाड हलवले. सुमारे साठ वर्षे गोव्याचा कारभार तेथून चालला. पुढे पणेलीसही साथ पोहोचली, तेव्हा १ डिसेंबर १७५९ रोजी त्यांनी तेही स्थान सोडले आणि पणजीस मांडवीकाठच्या आदिलशहाच्या वाड्यात मुक्काम केला. पणेलीचा वाडा रिकामा झाला. त्याच सुमारास जेझुइटांची गोव्यातून हकालपट्टी झाली आणि रुग्णालयाची जुनी घडी विसकटली. मग त्या रिकाम्या वाड्यात राजाचे लष्करी रुग्णालय नेण्यात आले, आणि १८४२ पर्यंत ते तेथेच होते.

या घटनेतला विरोधाभास वाचकांच्या ध्यानी आलाच असेल. ज्या जागेची हवा निरोग्यांस सोसवेना म्हणून त्यांनी ती सोडली, ती जागा रोग्यांस देण्यात आली. राज्यकर्ते गेले आणि आजारी सैनिक आले. राजवाडा रुग्णालयास दिला, असे हे वर्णन करता येईल. नकोसे झालेले घर ज्यांना तक्रार करण्याचे बळ नव्हते त्यांच्या गळ्यात घातले, असेही करता येईल. दोन्ही वाक्ये खरी आहेत. दस्तऐवजात मात्र नेहमी पहिलेच लिहिले जाते. आज पणेलीस त्या वैभवाचे अवशेषही शोधून पाहावे लागतात.

तथापि गोव्याच्या या कथेचा शेवट पणेलीस होत नाही, हे सुदैव. १८४२ साली रुग्णालय पणजीस आले आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी तेथे वैद्यकशाळा स्थापन झाली. तीच ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’. १८०१ पासून रुग्णालयात वैद्यकाचा वर्ग चालत असे, त्यास आता विद्यालयाचे रूप आले. रुग्णालय आणि वैद्यकशाळा यांना कांपालजवळचा मकिनेझ बंधूंचा १७०२ सालचा वाडा लाभला. येथे मात्र एक मोठा फरक पडला. पिरारच्या काळी ज्या भूमिपुत्रांस खाटही मिळत नव्हती, त्यांची मुले या शाळेत वैद्य होऊ लागली. त्यांच्यापैकी कित्येक पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतील वसाहतींत जाऊन सेवा करू लागले. गोवा मुक्त झाल्यावर १९६३ साली या परंपरेतून गोवा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. १९९० नंतरच्या दशकात ते बांबोळीस हलले. आणि मकिनेझ वाड्यात २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा कारभार आला. वास्तू पुन्हा देखणी झाली. तिच्यातून शिकून बाहेर पडलेल्या पिढ्या हीच तिची खरी मिळकत, असे आम्हांस वाटते.

याच गोव्याने रुग्णालयास लोकभाषेत दिलेली नावेही येथे आठवतात. म्हापशाचा ‘आझिलो’, मडगावचा ‘ऑस्पिसी’ ही नावे अजून वृद्धांच्या तोंडी आहेत. एकाचा मूळ अर्थ आसरा, दुसऱ्याचा अतिथिगृह. औषध हा शब्द दोहोंतही नाही. आजारी माणसास प्रथम हवा असतो तो थारा, हे ज्ञान या दोन शब्दांनी जपून ठेवले आहे.

आता गोव्याहून मुंबईस आणि तेथून पुण्यास यावयाचे. कारण आमच्या यजमानांच्या मसुद्यात जे मुळीच नव्हते, म्हणजे सेवा करणारी माणसे, त्यांची कथा तिकडची आहे. ती कथा एका धनिकाच्या हवेलीपासून सुरू होते. बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईस आलेले डेव्हिड ससून यांनी भायखळ्यास आपले निवासस्थान केले. त्याचे नाव ‘सां सूसी’. फ्रेंच भाषेत याचा अर्थ ‘निश्चिंत’. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने पॉट्सडामच्या आपल्या प्रासादास दिलेले नाव या व्यापाऱ्याने भायखळ्यात आणले. पुढे हीच हवेली मसिना रुग्णालयाची वास्तू झाली. डॉ. होरमसजी माणेकजी मसिना यांनी १९०२ साली स्थापन केलेली ही संस्था हिंदी माणसाने काढलेल्या पहिल्या खाजगी रुग्णालयांपैकी एक म्हणून ओळखली जाते. ‘निश्चिंत’ नावाच्या घराच्या जिन्यावरून आता चिंताग्रस्त माणसे वरखाली करतात, हा दैवाचा विनोदच. परंतु पणेलीप्रमाणे ही वास्तू ओस पडली नाही, रुग्णालय म्हणून ती नांदती राहिली.

याच डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्यास ससून रुग्णालय उभे राहिले. १८६४ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. रुग्णालय १८६७ साली पुरे झाले. इमारत भव्य झाली, वैद्यही मिळाले. परिचारिका कोठून आणाव्या, ही अडचण मात्र पुढेही कित्येक वर्षे राहिली. परक्या पुरुषाचे अंग पुसणे, मळ काढणे, रात्री घराबाहेर राहणे ही कामे कुलीन स्त्रीने करावी, ही कल्पनाच त्या काळी असह्य होती. घरोघरी हीच कामे त्याच स्त्रिया बिनबोभाट करीत होत्या, हे मात्र कोणाच्या मनात येत नव्हते.

ही कोंडी फोडण्यात पुण्यातील एका वाड्याचा मोठा वाटा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले. त्यांच्या पत्नी रमाबाई त्यावेळी चाळिशीच्या आतच होत्या. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल या दोघांनी मुंबईस सेवासदन काढले. हिंदी स्त्रियांस निवारा द्यावा आणि त्यांना परिचारिकेचे शिक्षण मिळावे, हा त्यांचा हेतू होता. अध्यक्षपद त्यांनी रमाबाईंकडे दिले. दुसऱ्या वर्षी, १९०९ साली, भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने रमाबाईंनी पुण्यात सेवासदन सुरू केले, ते आपल्या राहत्या घरात. ज्या घरी न्यायमूर्तींचा संसार झाला होता त्या घराच्या सोप्यावर बायकांचे वर्ग भरू लागले. लवकरच ससून रुग्णालयाशी जोडून परिचारिकांचे शिक्षण चालू झाले आणि त्यांच्यासाठी वसतिगृहही निघाले.

या प्रारंभीच्या दिवसांतला एक प्रसंग सांगितला जातो. सेवासदनाच्या समारंभात बक्षीस घेण्यासाठी परिचारिकेचे शिक्षण घेतलेली एक विधवा व्यासपीठावर आली. केशवपन झालेले, अंगावर आलवण. सज्जातल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तिची टर उडवली. रमाबाई शेवटी बोलावयास उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या तरुणांस सरळ विचारले, की तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी बहीण, आत्या वा आई नाही? सभागृह निःशब्द झाले. प्रश्न वस्त्रांचा नव्हता. घरात जिच्या हातचे पाणी पिऊन आपण वाढलो, ती चारचौघांत मान घेऊ लागली की आपल्याला हसू का येते, हा तो प्रश्न होता.

पुनर्वसन हा शब्द आपण रोग्यासंबंधी वापरतो. मोडलेल्या हातापायांस पुन्हा काम करावयास शिकवणे, हा त्याचा वैद्यकीय अर्थ. रानड्यांच्या वाड्यात दुसऱ्या एका प्रकारचे पुनर्वसन झाले. समाजाने ज्यांना निरुपयोगी ठरवले होते त्या स्त्रिया तेथून शिकून निघाल्या आणि रुग्णालयात रोग्यांस पायावर उभे करू लागल्या. सेवा घेणाऱ्याइतकेच सेवा करणाऱ्याचेही ते घर होते. पणेलीचा वाडा धन्याने सोडल्यावर दिला गेला. हा वाडा मालकीण आत राहत असतानाच उघडला गेला. या दोन दानांतले अंतर दस्ताच्या भाषेत दिसत नाही. पण दात्यास स्वतः जेथे झोपावेसे वाटत नाही ती खोली रोग्यास देऊ नये, एवढा नियम त्यावरून काढता येतो.

आता वकील या नात्याने दोन शब्द. घराचे दान केवळ शब्दाने होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२३ अन्वये स्थावराचे बक्षीसपत्र नोंदलेले असावे लागते आणि त्यावर निदान दोन साक्षीदार लागतात. संस्था सार्वजनिक असेल तर मध्य प्रदेशात १९५१ च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाप्रमाणे तिची नोंदणी होते. जिल्हाधिकारी हेच तेथे न्यासांचे निबंधक असतात आणि त्यांच्या पूर्वमंजुरीवाचून न्यासाची स्थावर मिळकत विश्वस्तांस विकता येत नाही. मूळ हेतू कालांतराने अशक्य झाला, तर न्यायालय त्या हेतूच्या शक्य तितक्या जवळच्या कार्याकडे मिळकत वळवू शकते. विश्वस्त चुकले तर न्यासाशी हितसंबंध असलेल्या दोन व्यक्तीही न्यायालयाच्या परवानगीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली दाद मागू शकतात. ताव्हेर्नियेच्या तहानलेल्या रोग्यास अशी दाद मागण्याची सोय नव्हती. ती आज आहे. पण ती वापरण्यास कोणी तरी जागे असावे लागते.

याहून एक मूलभूत गोष्ट आमच्या यजमानांस ठाऊक नव्हती. घर वडिलोपार्जित होते. अशा अविभक्त मिळकतीत एकट्याने दान देण्याचा अधिकार फार मर्यादित असतो. मुलांचा त्यात हिस्सा, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही. शिवाय त्यांचे धाकटे बंधू वीस वर्षांपूर्वी निपुत्रिक वारले होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे त्यांचा वाटा त्यांच्या पत्नीकडे गेला होता. म्हणजे, दाराआड उभ्या राहून ज्यांनी एक वाक्य उच्चारले, त्या बाई त्या घराच्या हिस्सेदार होत्या. त्यांच्या सहीवाचून संपूर्ण घराचे दानपत्र पुरे होऊच शकत नव्हते. मसुद्यात त्यांचे नाव कोठेही नव्हते. संगमरवरी पाटीवरही नव्हते.

हे आम्ही यजमानांस स्पष्ट सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. पक्षकार अशा वेळी सहसा रागावतात, असा आमचा अनुभव आहे. हे रागावले नाहीत. त्यांनी मागील खोलीतल्या खाटेकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, हे घर तर तिनं नऊ वर्षं आधीच शुश्रूषागृह करून ठेवलं होतं. मी कागद आता करतोय.’’

त्यानंतर नवा मसुदा आम्ही तिघांनी बसून केला. ज्ञातीचे कलम गेले. उजेडाचा पुढचा सोपा रोग्यांस आणि मागील खोल्या सामानसुमानास, असा बदल झाला. पाटीचे कलम राहिले. मनुष्याने घर द्यावे आणि नावही देऊ नये, इतकी अपेक्षा आम्ही कोणाकडूनही करीत नाही. मात्र पाटीवर दोन नावे कोरावयाची ठरले. पाच विश्वस्तांपैकी एक जागा बाईंची. मुलांच्या व मुलींच्या संमतिपत्रांपैकी काही आली आहेत, काही यावयाची आहेत. त्यामुळे दस्त अजून नोंदला गेलेला नाही. ती सर्व येतील की नाही हे सांगता येत नाही, आणि आली नाहीत तर घराचा केवढा भाग देता येईल याचा हिशेब निराळा मांडावा लागेल.

सातवे कलम तेवढे आम्ही बाईंच्या सांगण्यावरून लिहिले. पक्षकाराच्या तोंडून उतरवून घेतलेले इतके नेमके कलम आमच्या उभ्या व्यवसायात आम्हांस आठवत नाही. ते असे आहे: न्यासाच्या उत्पन्नातून प्रथम त्या व्यक्तीचे वेतन द्यावे, जी रात्री रोग्यांजवळ जागी राहील आणि मागितल्यास पाणी देईल; हे वेतन दिल्यावाचून रंगरंगोटी, दुरुस्ती, समारंभ वा पाटी यांवर काहीही खर्च करू नये.

कायद्याच्या भाषेत यास पहिला बोजा म्हणतात. बाईंना तो शब्द आम्ही समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि कलम पुन्हा एकदा वाचून दाखवावयास सांगितले.